मुंबई ते नागपूर : ६८० किलोमीटर आणि मध्यरात्रीची डाक

(दृश्य : नकाशावर मुंबईहून नागपूरकडे सरकत जाणारी रेघ)

मुंबई ते नागपूर. विमानतळापासून विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर अंतर भरतं सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेनं हेच अंतर ८३७ किलोमीटर, कारण गाडी कसारा घाट चढून मनमाड, भुसावळ, बडनेरा करत जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमणे इथं संपतो. मुंबई तिथून पुढे.

विमानाच्या तिकिटावर वेळ असते दीड तासाच्या आसपास. प्रत्यक्ष हवेत आपण तासाभराहून थोडेच जास्त असतो. उरलेला वेळ जमिनीवर जातो. वेळापत्रक मोजलं जातं ते विमान जागेवरून हलल्यापासून, दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहीपर्यंत. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत. नागपूरहून आलेल्या विमानाला मग कधीकधी खाली मुंबई दिसत असतानाही घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोरात वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. त्यामुळे येताना काही मिनिटं जास्त लागतात.

(दृश्य : रात्र. धावपट्टीचे दिवे)

पण या हवाई मार्गाची खरी गोष्ट रात्रीची आहे, आणि ती प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असायला हवी.

३० जानेवारी १९४९. रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि चारही विमानं नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. नागपूरच का? मुंबई ६८० किलोमीटर, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशे, कलकत्ता हजाराच्या थोडं अलीकडे. चौघांनाही एका रात्रीत येऊन परत जाता येईल असं दुसरं मोठं शहर मध्ये नव्हतंच.

सुरुवातीची विमानं डकोटा, दोन पंख्यांची, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास उडणारी. मुंबईचं विमान अडीच-तीन तासांनी सोनेगावला टेकायचं. मग दिव्यांच्या उजेडात टपालाच्या थैल्यांची अदलाबदल : मुंबईहून आलेली दिल्लीची थैली दिल्लीच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. एकाला उशीर म्हणजे चारही शहरांच्या टपालाला उशीर. थैल्या बदलल्या की विमानं आपापल्या शहरांकडे परत. संध्याकाळी गिरगावातल्या पेटीत पडलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात पोचलेलं असायचं. त्याच वर्षी देशातली पत्रं जादा हवाई शुल्क न घेता विमानानं न्यायलाही सुरुवात झाली, म्हणजे ही सोय फक्त पेढीवाल्यांपुरती राहिली नाही.

सत्तरच्या दशकात ही सेवा थांबली. तोवर जेट विमानं आली होती. मुंबई-नागपूर हा टप्पा ती डकोटाच्या निम्म्याहून कमी वेळात उडतात.