बोलण्याची गरज निर्माण करूया

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, वर्गात मुलांनी एकमेकांशी इंग्रजीत बोलावं, यासाठी टॅबलेट कसा वापरता येईल, त्याबद्दल आज बोलायचं आहे. सुरुवातीला एक साधा हिशोब मांडतो. 40 मिनिटांचा तास आहे आणि वर्गात 40 मुलं आहेत. शिक्षकांनी अवाक्षर काढलं नाही आणि मुलं एकामागून एक बोलत गेली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एकच मिनिट येतं. प्रत्यक्षात तेही येत नाही, कारण तासातला बराच वेळ आपणच बोलत असतो. त्याच वर्गात जोड्या केल्या आणि सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलू लागल्या, तर प्रत्येक मुलाला 20 मिनिटं मिळू शकतात. धडा वाचता येतो, गाळलेल्या जागा भरता येतात, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की मूल खाली बघतं. त्याचं अर्धं कारण या हिशोबात आहे.

उरलेलं अर्धं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण हातात पेन धरतो आणि विचारतो, "व्हॉट इज धिस?" पेन तर सगळ्यांना दिसतंय. उत्तराची खरी गरज कोणालाच नाही, आणि हे लहान मुलाला लगेच कळतं.

कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं शिकत होती. त्यांना ऐकलेलं छान समजायचं, पण बोलताना ती मागे पडायची. त्यांचा अभ्यास करून भाषाशिक्षणाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये मांडलं की भाषा नुसती कानावर पडून भागत नाही. स्वतः बोलायला गेलं, की आपलं नेमकं कुठे अडतं ते मुलाला कळतं. याच क्षेत्रातले संशोधक मायकेल लाँग यांनी दुसरी बाजू दाखवली: समोरच्याला कळलं नाही, त्याने पुन्हा विचारलं, आपण वेगळ्या शब्दांत सांगितलं, की या देवाणघेवाणीत भाषा पक्की होत जाते.

आता टॅबलेटकडे येतो. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे एकाला जे दिसतं, ते दुसऱ्यापासून लपवता येतं. दोन मुलं समोरासमोर बसवा. दोघांच्या स्क्रीनवर जवळजवळ सारखं चित्र द्या, त्यात पाच फरक ठेवा. नियम एकच, स्क्रीन दाखवायची नाही. मग संवाद असा होतो:
"माय कॅट इज ऑन द बेड."
"नो! अंडर द बेड."
"ब्लॅक कॅट?"
"यस, ब्लॅक. युअर विंडो ओपन?"

यात व्याकरणाच्या चुका आहेत, पण प्रत्येक वाक्याची समोरच्याला गरज आहे. फरक सापडल्यावर दोघं जे ओरडतात, त्यात आपली शाबासकी आधीच आलेली असते.

प्रत्येक मुलाच्या हातात वेगळं उपकरण दिलं, की वर्ग शांत होतो. पालकांना ती शांतता आवडते. मला तिची काळजी वाटते. बऱ्याच कामांना दोघांत एकच टॅबलेट पुरतो, किंबहुना तोच बरा. मात्र तेव्हा धीट मूल तो ताब्यात घेतं आणि बुजरं मूल नुसतं बघत राहतं. यावर मला पटलेला उपाय म्हणजे बोलणारा एक आणि हात लावणारा दुसरा. स्क्रॅच ज्युनियर हे ॲप 2014 मध्ये आलं, साधारण पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी. त्यात चित्रांचे ठोकळे जोडून पात्रं हलवायची असतात. एकाने सांगायचं, "मूव्ह राइट, थ्री टाइम्स. नाऊ जंप." दुसऱ्याने ऐकेल तेवढंच करायचं. स्क्रीनवरची मांजर भलतीकडे गेली, की सांगणारा स्वतःच वाक्य दुरुस्त करतो. मग अदलाबदल करायची.

दुसरी मोठी सोय रेकॉर्डिंगची. चार मुलांनी मिळून चार पानांची चित्रकथा करावी आणि प्रत्येकाने आपल्या पानाला आवाज द्यावा. मूल पहिल्यांदा बोलतं, ऐकतं, तोंड वाकडं करतं आणि म्हणतं, पुन्हा करू. जे वाक्य वहीत पाच वेळा लिहायला ते कंटाळतं, तेच पाच वेळा आनंदाने म्हणतं. आपण बोलता बोलता चूक सुधारून देतो, तेव्हा मुलाच्या ते लक्षातही येत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांता या संशोधकांनी 1997 मध्ये कॅनडातल्या अशाच फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास मांडला. शिक्षक सर्वांत जास्त वापरत ती पद्धत म्हणजे मुलाचं वाक्य बरोबर करून परत म्हणणं. पण मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद याच पद्धतीला मिळत होता. स्वतःचा आवाज ऐकताना मात्र चूक कानाला खटकते.

मुलं काम ठरवताना मातृभाषेत बोलतील. बोलू द्या. कोण काय करणार, हे आपल्या भाषेत पटकन ठरलं तर इंग्रजीसाठी वेळ उरतो. इंग्रजी हवंच कुठे, ती जागा आधी सांगून ठेवा: प्रश्न विचारताना आणि रेकॉर्ड करताना. अडेल तिथे वापरायची दोन-तीन वाक्यंही आधी तोंडात बसवा. "से इट अगेन, प्लीज" हे वाक्य सरावात नसेल, तर मूल न कळताच मान हलवतं आणि संवाद तिथेच संपतो.

पालकांची परवानगी घेतल्याशिवाय मुलांचे आवाज किंवा चेहरे वर्गाबाहेर जाऊ देऊ नका. आणि गुण देताना तयार झालेल्या व्हिडिओची सजावट बघू नका. जोड्यांमधून फिरा, थांबा, ऐका. समोरच्याला कळलं नाही तेव्हा मुलाने काय केलं, तेवढं वहीत टिपा: गप्प बसलं, बोटाने दाखवलं, की दुसऱ्या शब्दांत सांगून पाहिलं.