मांजराला बोलायला लावू नका
(गोदाघाटावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि नाशिककर मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'टीव्हीतली मांजरं : फेलिक्स ते डोरेमॉन'. तिकडे येतोच. पण आधी एक तक्रार ऐकून घ्या, कारण ती मनात फार दिवस साचली आहे.

घरी नातवंडं टॉम अँड जेरी बघत बसतात. चित्रं तीच, आपण पाहिलेली. पण एका वाहिनीवर त्यांच्यावर सलग हिंदी बडबड चढवली आहे. टॉम दबक्या पावलांनी निघाला, की वरून कुणीतरी ओरडतं, 'देखो देखो, टॉम आ रहा है!' अहो, दिसतोय ना तो! मांजराची सगळी गंमत त्याच्या न बोलण्यात असते. पाठीची कमान, शेपटीचं टोक, उडी मारण्याआधी मागचे पाय जरासे हलतात ते. यात शब्द कुठे बसवणार?

स्कॉट ब्रॅडली नावाचे संगीतकार टॉमच्या पावलापावलाला सूर द्यायचे. 'द कॅट कॉन्चेर्टो' आठवा. किती जणांनी पाहिलाय? हात वर करा... वा, पुढची रांग सगळी! टॉम काळा कोट घालून येतो, ऐटीत वाकून नमस्कार करतो आणि लिस्ट नावाच्या संगीतकाराची 'दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सोडी' ही रचना पियानोवर वाजवायला बसतो. पियानोत जेरी झोपलेला. तारांवरचे हातोडे त्याला उडवतात आणि तिथून जुंपते. बोटं पट्ट्यांवर, एक डोळा उंदरावर, आणि चेहरा मात्र थोर कलावंताचा! शेवटी टॉम गलितगात्र, टाळ्या जेरीला. संवाद एकही नाही, आणि ऑस्कर मिळालं. आता या वादनावर कुणी 'अब क्या होगा?' म्हणून ओरडलं तर कसं वाटेल, सांगा.

आणि टॉमला खलनायक म्हणू नका हो. 1940 सालच्या पहिल्याच चित्रपटात, तेव्हा त्याचं नाव जास्पर होतं, मोलकरीण त्याला बजावते, आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर काढीन. बिचारा नोकरी सांभाळतोय! ती भीती कळते कशावरून? पडणारी बशी झेलताना ताणलेल्या त्याच्या अंगावरून.

ही गोष्ट नाशकात समजावून सांगावी लागू नये. फाळके आपल्या त्र्यंबकचे. त्यांनी आगकाड्या कॅमेऱ्यापुढे नाचवल्या. आगकाड्यांना कुठली जीभ?

(चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? बरं, मूळ विषय भराभर घेतो.

फेलिक्स आला 1919 मध्ये, मूकपटात. विचार करताना त्याची शेपटी प्रश्नचिन्ह व्हायची. 1928 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये टेलिव्हिजनच्या चाचण्या सुरू झाल्या. तेव्हाच्या प्रखर दिव्यांपुढे माणसाला तासन् तास उभं करणं अवघड, म्हणून फेलिक्सची कागदी लगद्याची बाहुली फिरत्या चकतीवर ठेवली. म्हणजे टीव्हीच्या पहिल्यावहिल्या ताऱ्यांत एक मुकं मांजर आहे! त्याच सुमारास बोलपट आले आणि फेलिक्स मागे पडला.

पुढची मांजरं बोलू लागली आणि माणसं झाली. पोकेमॉनमधला म्याऊथ एका मांजरीवर छाप पाडायला माणसासारखं बोलायला शिकला. ती त्याला विचित्र म्हणून निघून गेली, आणि शिकण्यात सगळी ताकद खर्ची पडल्यामुळे त्याच्या जातीची खास विद्याही त्याला कधी आली नाही. डोरेमॉन मलाही आवडतो. पण कान उंदरानं कुरतडलेले, उंदीर दिसला की थरकाप, आणि दिवसभर नोबिताला उपदेश. तो प्रेमळ थोरला भाऊ आहे, मांजर फारसं उरलेलं नाही.

राहिला ओगी. 1998 ची फ्रेंच मालिका. निळं मांजर, तीन झुरळं, आणि मुळात संवादच नाहीत. आपल्याकडे त्याच्या तोंडी हिंदी सिनेमाच्या हिरोची नक्कल घातली. मुलं हसतात, मान्य. पण एकदा त्यांना मूळ भाग दाखवा, टॉमचाही, ब्रॅडलींच्या संगीतासकट. नातवंडांसोबत मी हे केलंय. धाकटी टॉमसारखी खांदे वर करून, पंजे उचलून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. बडबडीचा भाग बघून ती कधी जागची उठली नव्हती.