आठवायचं नाही, शोधून काढायचं

नमस्कार मंडळी, आज आधी कोडं आणि मग गप्पा. कागद-पेन काही घेऊ नका, नुसतं ऐका.

एक जुनी टीव्ही सिरीयल आहे. त्यातल्या लोकांना जवळजवळ दर आठवड्याला एका नव्या ठिकाणी जायचं असतं, आणि त्यांचं वाहन आहे अवाढव्य, म्हणजे ते तिथं उतरताना दाखवायचं तर मॉडेल बनवा, त्याचं शूटिंग करा, दर वेळी नवा खर्च, आणि बजेट तर तेवढं नाहीच. मग बनवणाऱ्यांनी काय केलं, वाहन ठेवलं वरच, आणि माणसांनाच एका जागी ओळीत उभं करून गायब केलं, चमचमता उजेड पडला की माणूस इथून नाहीसा आणि तिथं हजर. ओळखली?

स्टार ट्रेक. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत सुरू झालेली, तीन सीझन, ७९ एपिसोड. आता बघा, मी कॅप्टनचं नाव घेतलं नाही, टोकदार कानांचा उल्लेख केला नाही, यान हा शब्दसुद्धा वापरला नाही, तरी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आलं असणार. आणि ज्यांना आलं नाही त्यांनाही उत्तर ऐकल्यावर वाटलं असेल, अरे हो, म्हणून ते तसं उडी मारल्यासारखे पोचायचे होय! मला हे "अरे हो" फार प्रिय आहे. आजचं सगळं बोलणं त्याच्याबद्दलच आहे.

कारण जुन्या सिरीयल ओळखण्याचा खेळ बहुतेक ठिकाणी कसा खेळतात तर हिरोचं नाव काय, कुठल्या साली सुरू झाली, गाडीचा नंबर काय. ज्याला पाठ आहे तो सांगतो, ज्याला नाही तो गप्प बसतो, पाच मिनिटांत निम्मी खोली फोनमध्ये. हे मी खूपदा पाहिलंय आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण गप्प बसलेल्यांनीही त्या सिरीयल तेवढ्याच प्रेमानं पाहिलेल्या असतात. माझी एक मावशी आहे, तिला नावं अजिबात लक्षात राहत नाहीत, कलाकारांची तर नाहीच नाही, पण तिला विचारलं की "असं का केलं असेल त्यांनी" तर ती विचार करून करून बरोबर सिरीयलपर्यंत पोचते. तिच्यामुळे मी क्लू बनवायची पद्धतच बदलली. आता मी काय घडलं यापेक्षा का घडलं हे जास्त सांगते.

हा बघा दुसरा. एक नवरा-बायको, दोघंही कलाकार, त्यांना सिरीयल करायचीय कॅलिफोर्नियात राहून. पण तेव्हा टीव्ही म्हणजे न्यूयॉर्कहून लाइव्ह, आणि दुसऱ्या टोकाच्या शहरांना दिसायची ती टीव्हीच्या पडद्यावरूनच शूट केलेली धुरकट कॉपी. हे दोघं म्हणाले आम्ही हलणार नाही, आम्ही सरळ सिनेमाच्या फिल्मवर शूट करतो, समोर खरे प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून, म्हणजे सगळीकडे सारखंच स्वच्छ दिसेल. खर्च वाढला तर आमचं मानधन कमी करा, पण बदल्यात त्या फिल्मची मालकी आमची. तेव्हा एकदा दाखवलेला एपिसोड परत कोण बघणार असं लोकांना वाटायचं, त्यामुळे मालकी सहज मिळाली, आणि पुढे तो एपिसोड जगभर पुन्हा पुन्हा दाखवला गेला!

ही आय लव्ह लूसी, १९५१. ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ. तीन कॅमेऱ्यांसाठी लायटिंग बसवलं ते कार्ल फ्रॉइंड यांनी, ज्यांनी १९२७ च्या मेट्रोपोलिस या मूकपटाचं छायाचित्रण केलं होतं, म्हणजे एवढा मोठा माणूस टीव्हीच्या कॉमेडीसाठी आला. आणि याच सिरीयलवर आणखी एक क्लू बनतो जो मावशीनं एका झटक्यात सोडवला: हिरॉईन प्रेग्नंट आहे, कथेतही आणि खरीही, पण "प्रेग्नंट" हा शब्द पडद्यावर बोलायचा नाही. १९ जानेवारी १९५३ ला सिरीयलमध्ये बाळ जन्मलं आणि त्याच दिवशी खऱ्या आयुष्यातही मुलगा झाला. सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो एपिसोड पाहिला, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा शपथविधी टीव्हीवर होता तो पाहिला २ कोटी ९० लाखांनी.

आणि आता गंमत ऐका, या दोघांनी जी कंपनी काढली, डेसिलू, तिच्याच स्टुडिओत पुढे स्टार ट्रेक उभी राहिली. म्हणजे आजची पहिली दोन उत्तरं एकाच घरची आहेत. असा धागा सापडला ना, की माझा दिवस चांगला जातो.

तिसरा क्लू छोटा आहे. कॉमेडी आहे, मागे हसण्याचा आवाज घातलेला आहे, पण एका खोलीतल्या सीनमध्ये तो कधीच घालायचा नाही यावर बनवणारे अडून बसले. कुठली खोली असेल? ऑपरेशनची. मॅश. कोरियन युद्धातलं फिरतं हॉस्पिटल, तिथं फाटलेली पोरं टेबलावर आहेत, डॉक्टर तोंडानं जोक करतायत आणि हात शिवतायत, त्यात बाहेरून कुणी हसलेलं चालणारच नाही. ते युद्ध चाललं तीन वर्षं आणि सिरीयल चालली अकरा सीझन, १९७२ ते १९८३, हाही लोक क्लू म्हणून देतात आणि तो बराय, पण मला खोलीचा जास्त आवडतो, कारण तो ऐकल्यावर सिरीयलचा स्वभाव कळतो. शेवटचा एपिसोड अडीच तासांचा होता आणि जवळजवळ १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिला.

आता जरा अवघड गोष्ट. क्लू देताना एक चूक अगदी सहज होते, आपल्या डोक्यात एकच उत्तर असतं त्यामुळे आपल्याला वाटतं दुसरं असूच शकत नाही. "एका मुख्य पात्राची बायको, जिच्याबद्दल सतत बोललं जातं पण जिचा चेहरा कधीच दिसत नाही." कोण? एकजण म्हणेल कोलंबो, त्यातल्या डिटेक्टिव्हची बायको, बरोबर. दुसरा म्हणेल चीअर्स, त्यातल्या नॉर्मची बायको व्हेरा, तेही बरोबर. तिसरी म्हणेल फ्रेझर, नाइल्सची बायको मॅरिस, तेही बरोबरच. तीन माणसं, तीन बरोबर उत्तरं, आणि भांडण सुरू. तेव्हा असा क्लू एकटा सोडू नका. त्याला चुरगळलेला रेनकोट जोडा, किंवा हे जोडा की खून कोणी केला ते आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात आणि मजा असते ती तो पकडला कसा जातो यात. मग एकच उत्तर उरतं.

कोलंबोचा विषय निघालाय तर एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही. लेफ्टनंट कोलंबोचं पहिलं नाव काय? सिरीयलमध्ये ते कुणी कधी बोलत नाही. फ्रेड वर्थ नावाचे एक गृहस्थ होते, ट्रिव्हियाचे, म्हणजे बारीकसारीक माहितीचे, जाडजूड कोश लिहायचे, त्यांनी आपल्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद घातली, की कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. का, तर कोणी आपली माहिती उचलली तर पकडता यावं. आणि काही वर्षांनी ट्रिव्हियल पर्सूट या बोर्ड गेमच्या एका कार्डावर तोच प्रश्न आला आणि उत्तर छापलेलं, फिलिप! वर्थ यांनी १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा लावला. गेमवाल्यांनी त्यांचा कोश वापरल्याचं मान्य केलं, पण कोर्टानं सांगितलं की तथ्यांवर कुणाची मालकी नसते, आणि १९८७ मध्ये अपिलातही वर्थ हरले.

मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा कितीतरी वेळ विचार करत राहिले. म्हणजे एक खोटी गोष्ट, एका माणसानं सापळा म्हणून लिहिलेली, ती लाखो घरांत खेळताना "बरोबर उत्तर" म्हणून वाचली गेली, आणि कुणीतरी मुलगी बिचारी "नाव सांगितलेलंच नाही" असं म्हणाली असेल तर तिला मार्क मिळाले नसतील, खरं बोलूनसुद्धा. सिरीयलमध्ये दिसणाऱ्या कोलंबोच्या ओळखपत्राची फ्रेम थांबवून मोठी करून पाहिली तर त्यावर फ्रँक असं वाचता येतं, पण फिलिप कुठेच नाही. म्हणून मी क्लू देण्याआधी शक्य असेल तर तो सीन स्वतः बघते. अगदी प्रसिद्ध वाक्यांचंही तसंच, "बीम मी अप, स्कॉटी" हे स्टार ट्रेकचं वाक्य म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या मूळ सिरीयलमध्ये नेमक्या याच शब्दांत ते कुणी म्हणतच नाही. सगळ्यांना माहीत असणं आणि खरं असणं वेगळं असतं, आणि खेळात कुणाला चूक ठरवायचं असेल तर आपण तरी पक्के हवे ना.

क्रमाबद्दल थोडं. धूसर क्लू आधी, स्पष्ट नंतर, हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन क्लूंच्या मध्ये थांबायचं असतं ते कुणी पाळत नाही. फॉल्टी टॉवर्स घ्या. मी आधी सांगेन, दोन सीझन, मध्ये चार वर्षांचं अंतर, एकूण फक्त १२ एपिसोड. मग थांबेन. मग, सुरुवातीला दिसणाऱ्या पाटीवरची अक्षरं बहुतेक वेळा कुणीतरी हलवलेली असतात. परत थांबेन, इथं लोक डोळे मिटून ती पाटी बघायला लागतात. आणि मग, हॉटेलचा मालकच पाहुण्यांना वैतागलेला असतो. एवढ्यात कुणीतरी ओरडतंच. त्या थांबण्यात लोक सिरीयल मनात परत पाहत असतात, तो वेळ त्यांना द्या, घाईनं पुढचा क्लू टाकू नका.

चला, शेवटचा एक, आणि याचं उत्तर मी सांगणार नाही.

पहिला क्लू: पहिला एपिसोड लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला ब्रिटनमध्ये, पण आदल्याच दिवशी अमेरिकेतून इतकी धक्कादायक बातमी आली होती की लोकांचं लक्ष तिकडेच होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एपिसोडच्या आधी पहिला परत दाखवावा लागला.

(थोडं थांबते.)

दुसरा: तीन वर्षांनी मुख्य कलाकाराची तब्येत काम झेपेना अशी झाली. सिरीयल बंद करायची नव्हती, तसाच दिसणारा माणूस शोधायचा नव्हता, म्हणून ठरवलं की पात्र तेच राहील पण त्याचं शरीरच बदलेल, चेहरा नवा, स्वभावही थोडा नवा. त्या एका अडचणीतून निघालेल्या उपायावर ती सिरीयल कितीतरी कलाकार पाहून झाली.

तिसरा: त्याचं वाहन बाहेरून निळी पेटी आहे, आत शिरलात की भलं मोठं.

मावशीनं दुसऱ्या क्लूवर ओळखली. तुम्हाला कितव्यावर आली, कळवा.