७०० पुस्तकं एकटीने? एनिड ब्लायटनबद्दल तुम्ही सगळे विचारताय तो प्रश्न

नमस्कार मंडळी! मुलांसाठी लिहिणाऱ्या इंग्लिश लेखिका एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' या साहसकथांच्या मालिकेवरचा छोटा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरतोय. "ताई, एका बाईने ७०० पुस्तकं लिहिली? पगारी लेखक ठेवले असणार हो." एकाने तर "हे सगळ्या जगाला माहीत आहे" असं ठोकून दिलंय आणि त्यावर लाइक्सचा नुसता पाऊस. म्हणून आज एनिड ब्लायटन, आणि त्यातही मुख्यतः हाच एक प्रश्न.

चरित्र आधी झटपट उरकते. जन्म ११ ऑगस्ट १८९७, लंडनमधलं ईस्ट डलिच. वडील सुऱ्या-काट्यांचे विक्रेते. पियानो शिकवून मुलीला संगीतात घालायचं असं घरात ठरलेलं. ते सोडून १९१६ मध्ये ती इप्सविचला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली. पहिलं पुस्तक १९२२ मध्ये, 'चाइल्ड व्हिस्पर्स', २४ पानांचं, कवितांचं. १९२४ मध्ये ह्यू पोलॉक या संपादकाशी लग्न, दोन मुली, जिलियन आणि इमोजेन. १९४२ मध्ये घटस्फोट, पुढच्याच वर्षी केनेथ डॅरेल वॉटर्स या सर्जनशी दुसरं लग्न. २८ नोव्हेंबर १९६८ ला मृत्यू. झालं.

यातल्या दोन जागांवर मात्र थांबायलाच हवं, कारण चरित्र सांगताना लोक त्या गाळतात आणि मग ७०० चा आकडा जादूसारखा वाटायला लागतो.

पहिली जागा वडिलांची. वडील तिला रानावनात फिरायला न्यायचे, पक्षी-फुलं ओळखायला शिकवायचे, पुस्तकांचं वेड त्यांनीच लावलं. एनिड नुकतीच १३ वर्षांची झाली होती आणि ते दुसऱ्या बाईसाठी घर सोडून गेले. आईने मुलांना बजावलं, शेजाऱ्यांना सांगायचं की वडील बाहेरगावी गेलेत. म्हणजे १३ वर्षांच्या मुलीने रोज, चेहऱ्यावर काही न दाखवता, एक रचलेली गोष्ट सांगत राहायचं. मोठेपणी ती आई आणि वडील दोघांच्याही अंत्यविधीला गेली नाही. हे मी चटपटीत माहिती म्हणून सांगत नाहीये. तिच्या पुस्तकांतले आईवडील पहिल्या प्रकरणात निरोप घेतात, मुलं सुट्टीवर निघतात आणि मोठ्यांचं विश्व मागे राहतं. हा सांधा मला फार जवळचा वाटतो.

दुसरी जागा वर्गाची. १९२० पासून चार वर्षं ती लंडनजवळच्या सर्बिटनच्या एका घरात चार भावांना शिकवत होती. हळूहळू आजूबाजूची मुलंही येऊ लागली आणि छोटी शाळाच झाली. तिथे ती रोज गोष्टी सांगायची. मी स्वतः काही वर्षं प्राथमिकला शिकवलंय, त्यामुळे हे काय असतं ते मला ठाऊक आहे. मधल्या सुट्टीनंतरचा तास, मुलं पेंगुळलेली, तुम्ही "एका जंगलात..." म्हणून सुरुवात करता आणि पुढे काय ते तुम्हालाही माहीत नसतं. शेवटच्या बाकावरचा पोरगा खिडकीबाहेर बघायला लागला की गोष्टीत ताबडतोब काहीतरी घडवावं लागतं. दार वाजतं, दिवा विझतो, कुत्रा भुंकतो. ही कसरत तुम्ही वर्षानुवर्षं रोज केलीत की आराखडा न करता गोष्ट पुढे नेणं अंगवळणी पडतं. ब्लायटनबाई कागदावर तेच करत होत्या.

आता मूळ मुद्दा.

आधी साधा हिशेब करू. ७०० पुस्तकं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ७०० जाडजूड कादंबऱ्या येतात. तसं नाहीये. (पुस्तकं कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा, हे 'फेमस फाइव्ह', मूळ इंग्रजीत साधारण ४०,००० शब्द. हे 'सीक्रेट सेव्हन', त्याच्या निम्मं. आणि हे 'नॉडी', अगदी लहानग्यांसाठीचं, हे तर एका बैठकीत वाचून संपतं. यादीत कवितासंग्रह आहेत, शाळेची वाचनपुस्तकं आहेत, निसर्गावरची आहेत, बायबलच्या गोष्टी आहेत आणि मासिकात आधी छापून आलेल्या छोट्या गोष्टींचे संग्रह तर किती तरी. म्हणून तर नेमका आकडा कुणी ६०० सांगतं, कुणी ७०० च्या वर. काय धरायचं आणि काय वगळायचं यावर तो बदलतो.

आणि वेग? बाई दिवसाला ६,००० ते १०,००० शब्द टाइप करायच्या. न्याहारी झाली की बसायच्या ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला उठायच्या. मांडीवर टाइपरायटर, जवळ लाल मोरोक्कन शाल, कारण लाल रंगाने डोकं चालतं असं त्यांना वाटायचं. आता गुणाकार तुम्हीच करा. दिवसाला ८,००० धरले तर ४०,००० शब्दांचं पुस्तक पाच दिवसांत. सोमवारी सुरू, शुक्रवारी संपलं. १९५० च्या दशकात वर्षाला पन्नासेक पुस्तकं यायची ती या वेगाने. अफाट आहे, पण अशक्य नाही. रोज डेडलाइनवर लिहिणाऱ्या पत्रकाराला विचारा, तो दिवसाला ८,००० ऐकून भुवया उंचावेल, पण "खोटं बोलताय" म्हणणार नाही.

"टाइप करणं वेगळं आणि सुचणं वेगळं," असं एका ताईंनी लिहिलंय. बरोबर बोललात. खरी मेख तिथेच आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते.

पीटर मॅकेलर नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. माणसाची कल्पनाशक्ती कशी चालते याचा ते अभ्यास करत होते. १९५३ पासून त्यांनी बाईंशी पत्रव्यवहार केला आणि बाईंनी त्यांना आपली पद्धत अगदी मोकळेपणाने कळवली. त्या लिहितात की मी काही मिनिटं डोळे मिटते, मन कोरं ठेवते आणि वाट बघते. मग मुलं समोर उभी राहतात, त्यांचे केस, डोळे, कपडे दिसतात, नाव कळतं. पुढे काय होणार ते मला माहीत नसतं. डोक्यात माझा खासगी सिनेमा सुरू असतो आणि मी तो बघून टाइप करते. कधी एखादं पात्र असा विनोद करतं की टाइप करता करता मला हसू येतं आणि वाटतं, हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं!

आता हे कृपया "दैवी देणगी" वगैरे म्हणून फॉरवर्ड करू नका. पुस्तक उघडलं की ही पद्धत स्वच्छ दिसते. 'फाइव्ह ऑन अ ट्रेझर आयलंड' घ्या, १९४२ चं, मालिकेतलं पहिलं. वादळाने समुद्राच्या तळाचं बुडालेलं जहाज वर येतं. मुलं आत शिरतात, कॅप्टनच्या केबिनमध्ये एक पेटी सापडते. पेटी उघडत नाही. मग काय करायचं? घराच्या वरच्या खिडकीतून खाली टाकायची! पेटी आपटते, फुटते. पण आवाज किती होतो! क्वेंटिन काका चिडून बाहेर येतात आणि पेटीच जप्त करतात. झाली नवी अडचण. आराखडा मांडून लिहिणारा लेखक पेटीची किल्ली कुठेतरी लपवून ठेवेल. ब्लायटनबाईंच्या मुलांना जे सुचतं ते ती करून मोकळी होतात आणि त्यातून पुढचं प्रकरण जन्माला येतं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हा प्रसंग वाचून दाखवायचे तेव्हा खिडकीतून पेटी टाकायची आयडिया एक-दोन मुलांना माझ्या आधीच सुचलेली असायची. लहान मूल जसा विचार करतं त्याच क्रमाने गोष्ट पुढे सरकते. म्हणून तर ती मुलं पान सोडत नाहीत.

या पद्धतीचे तोटेही आहेत, आणि कमेंटमधले काही टीकाकार तिथे अगदी बरोबर आहेत. तेच भुयार, तेच तस्कर, तेच तिरसट काका, तीच सहल आणि तेच खाणं. 'फेमस फाइव्ह'ची २१ पुस्तकं, बहुतेक प्रत्येक पुस्तक म्हणजे शाळेची एक सुट्टी. वर्षाला तीन सुट्ट्या धरल्या तर सात वर्षं होतात. पहिल्या पुस्तकात १२ वर्षांचा असलेला ज्युलियन, म्हणजे त्या मुलांतला थोरला, शेवटी १९ चा व्हायला हवा. तो नीट मोठा होतच नाही. मुळात बाईंच्या मनात सहा-आठ पुस्तकंच होती, वाचक मुलांनी हट्ट धरला म्हणून त्या लिहीत राहिल्या. बीबीसीनेही त्यांना वर्षानुवर्षं दूर ठेवलं, लेखन दुय्यम दर्जाचं म्हणून. तिथला अंतर्गत पत्रव्यवहार २००९ मध्ये खुला झाला, तो वाचण्यासारखा आहे.

पण गंमत बघा, हेच दोष एकाच हाताची खूण आहेत. दहा जणांनी लिहिलं असतं तर दहा जणांच्या खोडी दिसल्या असत्या.

त्या काळीही ही पगारी लेखकांची अफवा होतीच. दक्षिण आफ्रिकेतल्या एका ग्रंथपालाने ती पसरवली तेव्हा बाईंनी कायदेशीर कारवाई केली आणि १९५५ मध्ये त्या व्यक्तीला कोर्टात माफी मागावी लागली. "कोर्टात जिंकलं म्हणजे खरं असतं का?" असं कुणीतरी विचारणारच. ठीक आहे, कोर्ट बाजूला ठेवा.

मग तिसऱ्या बाजूने बघा, आणि माझ्या मते हा सगळ्यात पक्का पुरावा आहे. लेखन कधी थांबलं ते बघा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाईंची स्मृती ढासळायला लागली, डिमेन्शिया. 'फेमस फाइव्ह'चं शेवटचं पुस्तक १९६३ चं. 'सीक्रेट सेव्हन'चं शेवटचं १९६३ चं. 'नॉडी'चं मूळ मालिकेतलं शेवटचंही १९६३ चंच. तिन्ही मालिका तुफान खपत होत्या, प्रकाशक पैसे घेऊन दारात उभे होते, मुलं पुढचं पुस्तक मागत होती. मागे पगारी लेखकांचा ताफा असता तर त्याने का थांबावं? मालकिणीला विस्मरण झालं म्हणून नोकरांचं टाइपरायटर बंद पडत नाही. पण तिन्ही मालिका एकदमच आटल्या, कारण लिहिणारं डोकं एकच होतं आणि ते आता साथ देत नव्हतं. बाई गेल्यावर फ्रेंचमध्ये 'फेमस फाइव्ह'ची २४ नवी पुस्तकं आली, पण ती दुसऱ्या कुणी लिहिली हे लपवलं नाही, त्यांवर लेखिका म्हणून क्लोद व्हॉलिए हे नाव आहे.

पुढच्या वेळी "सगळ्या जगाला माहीत आहे" असं कुणी म्हणालं की त्यांना फक्त १९६३ चं विचारा.

आता दुसऱ्या गटाच्या कमेंट्स. "अशी वर्णद्वेषी लेखिका मुलांना का वाचायला देता?" हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण आरोप खरा आहे. 'नॉडी'च्या १९५१ च्या एका पुस्तकात काळ्या चेहऱ्याच्या गॉलिवॉग बाहुल्या त्याला लुबाडतात, गाडी पळवतात. पुढच्या आवृत्त्यांत तिथे दुसरी पात्रं घातली गेली. "तेव्हाचा काळच तसा होता" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण त्या काळातही आक्षेप घेणारे होते. १९६० मध्ये मॅकमिलन या प्रकाशकाने त्यांचं एक हस्तलिखित नाकारलं, परक्यांबद्दलचा त्यातला आकस हे त्याचं एक कारण होतं. दुसऱ्या प्रकाशकाने ते लगेच छापलं. मी काय करते सांगू? खटकणारं पान आलं की मुलांबरोबर थांबते आणि विचारते, इथे वाईट माणूस असाच का दिसतो? आठ-नऊ वर्षांची मुलं यावर फार छान बोलतात. पान फाडून टाकायची गरज मला तरी कधी वाटली नाही, आणि काही घडलंच नाही असं दाखवायचीही नाही.

"आई म्हणून त्या कशा होत्या?" हाही लाडका प्रश्न. धाकट्या इमोजेनने आठवणी लिहिल्यात. त्यांतली आई गर्विष्ठ, असुरक्षित, मायेचा ओलावा नसलेली आहे. थोरल्या जिलियनने प्रेमळ आणि न्यायी आई आठवून सांगितली. दोघी एकाच घरात वाढलेल्या. याबाबतीत एकीला खोटं ठरवून दुसरीची बाजू घेणारे व्हिडिओ बघितले की मला राग येतो. दोघींचंही म्हणणं ऐकावं.

आणि 'बॉब्स'बद्दल विचारलंय, ते खरं आहे. 'टीचर्स वर्ल्ड' या साप्ताहिकात त्यांच्या बॉब्स या कुत्र्याच्या नावाने पत्रं छापून यायची, मुलं त्याची वाट बघायची. १९३५ मध्ये कुत्रा गेला. पत्रं चालूच राहिली, आणि तो गेलाय हे बाईंनी वाचकांना कळूच दिलं नाही. वडिलांचा प्रसंग ऐकल्यावर हे वाचताना मला चटका बसतो.

आता, कुठून सुरुवात करायची? पाच-सहा वर्षांच्या मुलाला तुम्ही वाचून दाखवणार असाल तर 'द एन्चांटेड वूड', १९३९ चं. झाडाच्या शेंड्यावर दर वेळी नवा देश येतो. एकेक प्रकरण सुटं वाचता येतं, झोपताना बरं पडतं. आठ वर्षांच्या पुढे 'फेमस फाइव्ह'. कोणत्याही पुस्तकापासून चालतं, पण पहिल्यापासून घ्या, कारण जॉर्ज तिथे नीट भेटते. मुलगी म्हणून वागायला ठाम नकार देणारी ही पोर आपल्या स्वतःवरूनच घेतली आहे हे बाईंनी पुढे कबूल केलं होतं. बोर्डिंग शाळेच्या गोष्टी आवडणाऱ्यांना 'मॅलरी टॉवर्स', सहा पुस्तकं, १९४६ ते १९५१.

त्या सहा पुस्तकांवर वेगळा व्हिडिओ करतेय. त्यांतल्या ग्वेंडोलिन या मुलीवर तिथे अन्याय झालाय असं मानणारे किती जण आहेत ते खाली लिहा, मला त्याच व्हिडिओत घ्यायचंय.