उन्हात चढणारं पाणी: नाशिकहून स्पितीच्या कच्च्या वाटेवर

(दृश्य: पावसाळ्यातली गोदावरी, दुतोंड्या मारुती)

नाशिककरांना पूर कळतो तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी कमरेला लागलं की छातीला, यावरून गंगापूर धरणातून किती विसर्ग सुटलाय याचा अंदाज गोदाकाठी लगेच येतो. आभाळ भरतं, पाऊस कोसळतो, मग नदी चढते. हा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला. हिमाचलातल्या स्पितीच्या वाटेवर मात्र तोच गोत्यात आणतो, कारण तिथे पाणी चढतं ते कोरड्या, कडक उन्हात.

(दृश्य: ग्रामफू ते बातल, चंद्रा नदीकाठचा रस्ता)

मनालीहून अटल बोगदा ओलांडला की कोकसरनंतर ग्रामफूला काझाचा, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाचा, फाटा लागतो. ग्रामफू, छत्रू, छोटा दरा, बातल. अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण वरच्या हिमनद्यांचे नाले थेट रस्त्यावरून वाहतात. सूर्य वर आला की बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचायला काही तास जातात. म्हणून सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी तीन-चारला गुडघ्याच्या वर गेलेला असतो, शिवाय तळातले दगडही जागा बदलतात. सकाळी गेलेल्या गाडीची चाकोरी संध्याकाळी कामाची नसते. नाला फुगलेला दिसला तर अलीकडेच थांबायचं. रात्रीच्या थंडीत तो आपोआप उतरतो.

आता दिशा. मनालीकडून शिरलात तर सुमारे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,२०० मीटरच्या पुढे, चंद्रताल सरोवराला जाता. डोकेदुखी, उलट्या, रात्रभर झोप नाही. विरळ हवा बाधते ती अशी, आणि मळमळत्या चालकाने नाला ओलांडणं हा निव्वळ वेडेपणा. त्यापेक्षा सिमल्याकडून किन्नौरमार्गे आत जा. कल्पा, नाको, मग काझा, अशी उंची टप्प्याटप्प्याने वाढते. परतताना शेवटचा मुक्काम काझाऐवजी लोसरला करा आणि उजाडताच निघा. कुंजुम खिंड उतरून बातल, छत्रूचे नाले दुपारच्या आत मागे पडतात. खिंड साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत उघडी असते, तरी निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक चालकांना विचारावंच लागतं.

(दृश्य: कुंजुमची चढण)

कुंजुम ४,५०० मीटरच्या वर. नाशिक ६०० मीटरच्या आसपास. खिंडीत हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्क्यांच्या जवळपास उरतो. डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) ही तूट बरीच भरून काढतो, पण तो फिरू लागल्यावर. हजार-बाराशे आरपीएमला इंजिनात जीवच नसतो. वळणावर वेग तुटला, गाडी बंद पडली आणि मागे सरकली, हा प्रकार इथे नेहमीचा. उपाय म्हणजे फोर-लो, म्हणजे चारही चाकं फिरवणारा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर, आधीच टाकून ठेवणं. चाकांना पकड हवी म्हणून नाही, इंजिनाचे फेरे वर राहावेत म्हणून. फोर-लो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्येच टाकायचा.

टायरची हवा हा वेगळाच घोळ. नाशिकला ३२ पीएसआय भरलेला टायर तेवढ्याच तापमानाला खिंडीत ३७ दाखवतो, कारण बाहेरचा दाब घटलेला असतो. थंडीमुळे आकडा पुन्हा खाली येतो. म्हणून हवा मोजायची ती पहाटे, गार टायरची. दगडांच्या पट्ट्यात २४ पर्यंत उतरवली तर पकड वाढते आणि हादरे कमी बसतात. त्याहून फार खाली नको. बाजूची भिंत फुगते, धारदार दगडाला लागून फाटते, आणि तिथे पंक्चर किट चालत नाही. हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर हवाच. लाइटबारवर खर्च करण्याआधी तो घ्या. या वाटेवर रात्री गाडी चालवायचीच नसते.

(दृश्य: नाला, काठावर उभा असलेला माणूस)

नाल्यापाशी आधी खाली उतरा. काठीने खोली बघा, पण खोलीपेक्षा ओढ महत्त्वाची. पाणी रुंद पसरलेलं असेल तिथे ते उथळ असतं. अरुंद, गुळगुळीत, शांत दिसणारी जागा बहुधा खोल असते. नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या तीन दारांच्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा देते. हा आकडा संथ पाण्याचा समजा. वाहत्या पाण्यात चाकाच्या मध्याच्या वर गेलं की परत फिरणं बरं.

फोर-लो, दुसरा गिअर, एसी बंद. आत शिरल्यावर क्लचला पाय लावायचा नाही, गिअर बदलायचा नाही. चालत्या माणसाच्या वेगाने गेलं की बंपरपुढे पाण्याची लाट तयार होते आणि तिच्या मागे पातळी थोडी खाली राहते. जोरात घुसलात तर तेच पाणी उडून हवेच्या नळीत जातं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढूनच काढायची: टो-हुक, शॅकल (जोडायची लोखंडी कडी), पट्टा. टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, दोर कधीच नाही. बॉल तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो.

डिझेल मनालीत किंवा काझात पूर्ण भरून घ्या, मध्ये भरवशाचा पंप नाही. चंद्रताल २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली संरक्षित पाणथळ जागा आहे. गाडी वाहनतळावरच ठेवायची, पुढे पायी. तिथल्या कुरणात चाकं घालणं म्हणजे ऑफ-रोडिंग नव्हे. थंड प्रदेशातलं गवत एकदा चिरडलं की वर्षानुवर्षं सावरत नाही.

(दृश्य: मनाली, गॅरेजचा रॅम्प)

मनालीला पोचलात की एक काम टाळू नका. तापलेला डिफरन्शियल (अ‍ॅक्सलवरची, चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) बर्फाच्या पाण्यात अचानक गार झाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा येण्या-जाण्याची नळी) किंवा सील कमजोर असेल तर पाणी आत ओढलं जातं. मेकॅनिकला पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचं तेल दाखवायला सांगा. ते दुधी दिसलं तर तिथेच बदला. नाशिक अजून सतराशे किलोमीटरहून लांब आहे, आणि पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंग तेवढं टिकत नाही.