गोठ्यातली बुलेट

नमस्कार मंडळी. आज जरा तेलकट हातांची गोष्ट सांगतो. जुन्या बुलेटची, ती कास्ट आयर्न इंजिनवाली 350, जिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर उचलायचा, बाकीचे तीन खाली दाबायचे. नव्या गाडीवर शिकलेला माणूस घाबरला की उजवा पाय दाबतो, आणि गाडी थांबायच्या ऐवजी वरचा गिअर पडतो. माझं हे कोल्हापुरात शाहूपुरीत झालंय, आणि समोर भाजीची गाडी होती. असो, वांगी मी भरून दिली.

तर गाडी मामांची, 1984 ची. मामा गेल्यावर सात-आठ वर्षं गोठ्यात उभी, अंगावर कडब्याच्या पेंढ्या, सीटखाली उंदराचं बिऱ्हाड. मामी म्हणाली ने बाबा, पण भंगारात घातलीस तर या दारात येऊ नको. आता मी काय मेकॅनिक नाही, शाळेत गणित शिकवतो. एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्यानं किकसुद्धा न मारता सांगितलं, सर, इंजिन पूर्ण खोलायला लागतंय.

मंडळी, मी आज बोलतोय ते एवढ्यासाठीच. पहिल्यांदा इंजिन खोलू नका. 70 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि 90 चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), म्हणजे उंच आणि सावकाश फिरणारं इंजिन आहे ते, असं उभ्या उभ्या मरत नाही. आधी तेल बघा, मग ठिणगी, मग पेट्रोल, आणि तरीही नाहीच झालं तर पाना हातात घ्या.

तेलाचं असं, की बुलेटच्या तेलाची टाकी इंजिनच्या पोटातच असते, क्रँकच्या, म्हणजे पिस्टनखाली फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या मागं. गाडी खूप दिवस उभी राहिली की तेल पंपातनं झिरपत झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं आणि वरनं बघणाऱ्याला वाटतं टाकी रिकामी आहे. तो बिचारा वरनं अजून तेल ओततो, किक मारतो तर किक दगडासारखी, आणि चालू झालीच तर सगळी गल्ली धुरात. म्हणून आधी खालचे दोन्ही बोल्ट काढून जुनं तेल सोडून द्या, माझ्या गाडीतनं जे निघालं ते काकवीसारखं होतं. नवीन तेल भरल्यावर प्लग काढून वीस-पंचवीस किका नुसत्याच मारा आणि इंजिनच्या माथ्यावर रॉकरकडं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांकडं) जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट जरा सैल करून बघा, तिथं तेल पाझरलं तर पंप जिवंत आहे.

टाकीत गंज होता, त्याचं फार सांगत नाही, सायकलच्या चेनचा तुकडा आणि थोडं पेट्रोल घालून खुळखुळवली. बाहेर, अंगणात. विडीवाल्या शेजाऱ्याला लांब बसवून.

पॉइंटचं, म्हणजे उघडला की प्लगला ठिणगी पडते त्या छोट्या स्विचचं, मात्र नीट ऐका. सिलिंडरच्या मागं उजव्या बाजूला गोल डबी असते, झाकण काढलं की आत पॉइंट. पॉलिश पेपरनं हलकं घासायचं, आणि पूर्ण उघडलेले असताना फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवायची, फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पत्र्या, स्वस्तात मिळतो, घ्याच. टायमिंगला, म्हणजे ठिणगीची वेळ लावायला, मी सायकलची तार वापरली, प्लगच्या भोकातनं पिस्टनवर टेकवून. पिस्टन एकदम वर पोचायच्या साधारण 0.8 मिलिमीटर आधी पॉइंट उघडायला पाहिजेत, तेही आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं मिटलेली असताना. उघडले कधी हे डोळ्याला कळत नाही, म्हणून मधे सिगारेटचा पातळ कागद धरायचा, तो सुटून हातात आला की तो क्षण. (मी ओढत नाही. कागदासाठी पाकीट आणलं आणि घरात तीन दिवस चौकशी चालली.)

गाडी चालू झाली मंडळी! रंकाळ्यापर्यंत गेली आणि बंद पडली. वीस मिनिटं शेंगा खात बसलो, परत एका किकमध्ये चालू. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच, गार असली की सोन्यासारखी, तापली की मेली, मी तीनदा कार्बोरेटर खोलला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत लावले, म्हणजे इंजिन गार असताना पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली खेळ नको असं, आणि शेवटी संध्याकाळी अंधारात सहज पॉइंटची डबी उघडी ठेवून चालू केली तर आत मोठमोठ्या ठिणग्या, दिवाळी. कंडेन्सर! पॉइंटवरची ठिणगी दाबणारा तो छोटा भाग तापला की काम सोडायचा. बदलला, विषय संपला. गॅरेजवाल्याचं निदान मात्र तोपर्यंत व्हॉल्व्हवर आलं होतं.

आता मॉडिफाय करायचं म्हणाल तर मी दोन-तीनच गोष्टी केल्या. 6 व्होल्टचं 12 व्होल्ट केलं, कारण आधीचा हेडलाइट म्हणजे समई. पण नुसती बॅटरी बदलून चालत नाही, स्टेटर, रेग्युलेटर, कॉइल, हॉर्न आणि प्रत्येक बल्ब बदलायचा, मी मागचा बल्ब विसरलो आणि तो चालू केल्या केल्या उडाला. ब्रेक पॅडलचा बुश उद्यमनगरात लेथवर करून घेतला, ते लोक नमुना हातात घेतात आणि चहा येईपर्यंत वस्तू तयार. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवता येतं, चांगलंही असतं, पण मला रस्त्यात दुरुस्त होणारी गाडी आवडते.

सायलेन्सरला हात लावला नाही. एक तर आवाज मोठा झाला म्हणजे ताकद वाढली असं नसतं, उलट मोकळ्या सायलेन्सरला कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोलचं भोक) मोठा केला नाही तर मिक्स्चर कोरडं होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं. दुसरं म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम 52, त्यावर सुप्रीम कोर्टानं 2019 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरतानाचे फोटो तुम्ही पेपरात बघितलेच असतील. आणि हो, 15 वर्षांपुढच्या गाडीची आरसी रिन्यू करून घ्या, पुढं दर 5 वर्षांनी.

किकचं सांगायचं राहिलंच. चावी चालू करा, किक हळूहळू दाबत हेडलाइटवरच्या ॲमीटरकडं (करंट दाखवणाऱ्या काट्याकडं) बघा, काटा मधे आला की थांबा. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी बारकी दांडी) ओढून किक अगदी थोडी पुढं ढकला, डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग एकच, पूर्ण, मनापासून. अर्धवट मारली तर किक उलटी येते आणि पोटरी आठवडाभर आठवण ठेवते.

गाडी तयार झाल्यावर मामीकडं घेऊन गेलो. अंगणात उभी केली, चालू ठेवली. मामी आतनं आली, पदराला हात पुसत जरा वेळ ऐकत उभी राहिली, मला वाटलं आता डोळ्यात पाणी येणार. तर म्हणाली, "पलीकडं मातीत लाव ती, तुझ्या मामानं पण माझी फरशी अशीच काळी केली होती."