ओसरीवरचं उत्तर

अपशिंगे मिलिटरी. सातारा जिल्ह्यातल्या या गावाच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात इथले 46 जवान कामी आले. अशा गावात रजेवर आलेल्या जवानाला विचारायचं: घरकाम नवऱ्यानं निम्मं करावं का?

ओसरीवर वडील, निवृत्त सुभेदार. आई तांदूळ निवडतेय, बायको दाराशी. जवान आधी वडिलांकडे बघतो, मग बोलतो. याला खोटं म्हणू नये. वडिलांसमोरचा मुलगा म्हणून तो खरंच बोलतोय. हाच प्रश्न शेताच्या बांधावर एकट्याला विचारला, तर कदाचित वेगळं ऐकू येईल.

पलटणीत हात वर करायला सांगितलं, की पहिले दोन-तीन हात बघून बाकीचे ठरतात. म्हणून हवालदार, साहेब बाहेर. दोघांत हातभर अंतर. कागद दुमडून पेटीत. नाव गाळणं पुरत नाही. वय, हुद्दा आणि तालुका तिन्ही विचारले, की दहाजणांत माणूस लगेच ओळखू येतो, आणि हे जवानाला पक्कं कळतं.

आणखी एक रीत आहे. निम्म्यांना चार वाक्यं द्यायची, निम्म्यांना तीच चार आणि पाचवं: ‘नवऱ्यानं भांडी घासावीत.’ कोणाला काय मिळेल, ते चिठ्ठीनं ठरवायचं. किती वाक्यं पटली, तेवढा आकडा सांगायचा. कोणती, ते नाही. समजा सरासरी 2.3 आणि 2.7 आली, तर पाचवं वाक्य सुमारे 40 टक्क्यांना पटलं. मात्र चारही वाक्यं सगळ्यांना पटणारी निवडली, तर ‘पाच’ म्हणणारा उघडा पडतो. एखादं ‘गावात दारूचं दुकान हवं’सारखं हवंच. आणि शंभरेक माणसांत हा हिशेब डळमळतो.

सोबतीनं नुसतं बोलणंच बदलतं असंही नाही. नॉर्वेच्या सैन्यात प्रशिक्षणाच्या 8 आठवड्यांसाठी काही तुकड्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या मुली नेमल्या, एकाच खोलीत राहायला. त्या तुकड्यांत घरकाम समान वाटावं म्हणणारे पुरुष शंभरात 8 जास्त निघाले. मिश्र तुकडी तितकीच चांगली किंवा सरस म्हणणारे शंभरात 14 जास्त. तुकड्या मोडल्या, आणि सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा हा फरक उरला नव्हता.

म्हणून फॉर्मवर तारखेखाली तीन रकाने आखावेत: सध्या कुणाबरोबर राहतो, रजेचा कितवा दिवस, विचारताना जवळ कोण होतं. तिसरा रकाना ओसरीवरून उठायच्या आत भरायचा.